जुनी वस्त्रे, नवी माणसे

इंदूरच्या मल्हारगंजात फाल्गुन सरता सरता आणि चैत्र लागता लागता वस्त्रांच्या बाबतीत एक गमतीची उलटापालट दृष्टीस पडते. रंगपंचमीच्या दिवशी टोरी कॉर्नरवरून गेर निघते. रंगाचे फवारे आणि गुलालाचे ढग अंगावर घेत माणसांचा लोंढा राजवाड्याकडे सरकतो. त्या दिवशी ज्याच्या त्याच्या अंगावर घरातला जुन्यात जुना कपडा असतो. विटलेला सदरा, गुडघ्यावर झिजलेला पायजमा. गेला तर गेला, अशा हिशेबाने काढलेला. त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी गुढीपाडवा येतो. त्याच गल्ल्यांतून मराठी घरांतल्या मुली नऊवारी नेसून, नाकात नथ घालून बाहेर पडतात; मुलगे धोतर, अंगरखा आणि फेटा अशा थाटात मिरवतात. आणि हा सारा पोशाख बहुधा नवा कोरा असतो! रंगपंचमीला खरोखर जुने असलेले कपडे अंगावर चढतात. त्यांना जुने म्हणून कोणी मान देत नाही. पाडव्याला मान मिळतो तो नव्याने शिवलेल्या जुनेपणाला.

ही केवळ इंदूरची गोष्ट नव्हे. डोंबिवलीपासून गिरगावापर्यंत निघणाऱ्या नववर्षाच्या शोभायात्रा, ६ जूनचा रायगडावरील राज्याभिषेकाचा सोहळा, शिवजयंतीच्या मिरवणुका, लग्नाच्या आदल्या दिवशीचे छायाचित्रण, या सर्व प्रसंगी पूर्वजांचा वेष अंगावर घेण्याची हौस मराठी समाजात गेल्या पंचवीस वर्षांत फार वाढली आहे. तिला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत आणि तिचे कौतुक करणारेही पुष्कळ. परंतु हौसेला दोष देण्यापूर्वी वा तिच्यावर फुले उधळण्यापूर्वी तीन साधे प्रश्न विचारून पाहणे बरे. हा पोशाख खरोखर किती जुना आहे? तो तयार करतो कोण? आणि तो अंगावर कसा घ्यावा, हे ठाऊक आहे कोणाला?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. थोरल्या मल्हारराव होळकरांचे नाव वाहणाऱ्या या पेठेत उभे राहून त्यांच्या काळाची कल्पना केली, तर डोळ्यांपुढे अंगरखा, कंबरेचा शेला आणि डोक्यावरची पगडी येते. मल्हाररावांचा जन्म १६९३ चा आणि मृत्यू १७६६ चा. या त्र्याहत्तर वर्षांत मराठ्यांची घोडी नर्मदा ओलांडून माळव्यात आली आणि पुढे थेट अटकेच्या दिशेने दौडली. ज्यांची घोडी इतक्या मुलुखांतून फिरली, त्यांचा वेष एका मुलखाचा राहील कसा? घोळदार जामा, सुरवार, कंबरेचा पटका, मंदील ही वस्त्रे दख्खनच्या, राजपुतांच्या आणि मोगलांच्या दरबारांत सारखीच वावरत होती. त्यांतले जे आवडले, परवडले आणि घोड्यावर बसताना अडचणीचे झाले नाही, ते मराठ्यांनी आपलेसे केले. ज्याला आज शुद्ध मराठी पोशाख म्हटले जाते, त्याचे धागे असे अनेक ठिकाणांहून आलेले आहेत. त्यात उणेपणा काही नाही. जिवंत समाज वस्त्रे घेतो आणि देतो. कपड्यांच्या बाबतीत सोवळेपण पाळणारा समाज बहुधा कल्पनेतच असतो.

चित्रांवर विसंबून वेष ठरवावा, तर तेथेही सावध राहावे लागते. छत्रपती शिवाजी महाराजांचे म्हणून एके काळी जे चित्र घरोघरी लावले जाई, ते मुळात महाराजांचे नव्हेच, इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच गृहस्थाचे आहे, हे इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली दाखवून दिले आणि डच साधनांतून मिळालेले महाराजांचे चित्र प्रकाशात आणले. तोपर्यंत नाटकांतून, मेळ्यांतून महाराजांची भूमिका करणाऱ्यांनी कोणकोणते वेष चढविले असतील, याचा विचार केला म्हणजे हसूही येते आणि थोडी भीतीही वाटते. पुढे भालजी पेंढारकरांसारख्या चित्रपटकारांनी मावळ्यांचे आणि सरदारांचे जे रूप पडद्यावर उभे केले, तेच दोन-तीन पिढ्यांच्या मनात ठसले. अलीकडे २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’ या हिंदी चित्रपटानंतर बाजारात त्या धर्तीच्या पोशाखांची लाट आली. तेव्हा आज शिंप्याकडे जाऊन जो ‘ऐतिहासिक’ पोशाख मागितला जातो, तो पुष्कळदा इतिहासाचा नसून चित्रपटाचा असतो. तो शिवून घेऊ नये असे नाही. मात्र त्याला चित्रपटाचे नाव द्यावे, पेशव्यांचे देऊ नये.

हीच गोष्ट पगडीची. फेटा आणि पगडी यांत मूळचा भेद आहे. फेटा दर वेळी नव्याने बांधावा लागतो. पगडी ही कारागिराने घडवून, टाके घालून कायमची बसविलेली वस्तू. शिंदेशाही, होळकरशाही, गायकवाडी, पुणेरी अशा पगड्यांचे घाट निरनिराळे असत आणि रस्त्याने जाणारा गृहस्थ कोणत्या दरबारचा, कोणत्या गावचा, हे जाणता माणूस लांबूनच ओळखी. पगडीचा घाट म्हणजे जणू डोक्यावर धारण केलेला पत्ताच होता! न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, नामदार गोखले यांच्यामुळे जिला कीर्ती लाभली, त्या पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकनाचे संरक्षण मिळाले. कायद्याने नावाचे रक्षण केले. पण पगडी घडविणारी बोटे कायद्याने तयार होत नाहीत. पुठ्ठ्याच्या कडीवर चकचकीत कापड डकवून तयार केलेली पगडी दहा मिनिटांच्या सत्कारापुरती पुरते, आणि मग सत्कारमूर्तीच्या घरी कपाटावर धूळ खात पडते. पगडबंदाला रोजचे गिऱ्हाईक हवे असते, सत्कारमूर्ती नव्हे.

आता स्त्रियांच्या वस्त्राकडे वळावे. नऊ वार लुगड्याचा महिमा असा, की त्यात सुईदोऱ्याचे काम नाही. निऱ्या, ओचा, काष्टा आणि पदर एवढ्या चार गोष्टींवर ते वस्त्र अंगावर ठाम उभे राहते. कोळणीचे लुगडे गुडघ्यापर्यंत आवळलेले, कारण तिला पाण्यात आणि बाजारात वावरावयाचे. शेतकरणीचे असे, की वाकून काम करता यावे. घरंदाज स्त्रीचे पायघोळ. कापड एकच आणि नेसण्याच्या तऱ्हा अनेक. ज्ञान कापडात नव्हते, ते नेसणारीच्या हातात होते, आणि ते आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे न लिहिता, न बोलता जात असे.

हे लुगडे मागे कसे पडले, तेही पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात नोकरीस आलेले सत्येंद्रनाथ ठाकूर यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी मुंबईतील पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची तऱ्हा पाहिली, तिच्यात आपल्या सोयीचे फेरफार केले आणि ती बंगालात नेली. तेथून ती सुशिक्षित कुटुंबांत पसरत गेली आणि अखेर हिंदुस्थानभर ‘गोल साडी’ म्हणून रूढ झाली. म्हणजे आज जी साडी अनादी कालापासून चालत आलेली म्हणून समजली जाते, तिचे नेसणे दीडशे वर्षांहून फारसे जुने नाही, आणि तिच्या जन्मात मुंबईचाही वाटा आहे. शाळा, कचेरी, आगगाडी आणि कापडाची महागाई यांनी मिळून नऊ वारांचे पाच-सहा वार केले. मध्यंतरी एक नवलही घडले. बालगंधर्व रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत, तेव्हा त्यांच्या शालूंची, दागिन्यांची आणि केसांतील गजऱ्यांची नक्कल चांगल्या घरांतील स्त्रिया करू लागल्या. पुरुषाने रंगभूमीवर नेसलेले लुगडे पाहून स्त्रिया आपले लुगडे कसे नेसावे हे ठरवू लागल्या, याहून पोशाखाच्या इतिहासाचा आडमार्गी प्रवास दुसरा कोणता सांगावा?

आजची नऊवारी बहुतेक शिवलेली असते. निऱ्या टाके घालून बसविलेल्या, काष्टा आधीच जोडलेला, कंबरेला नाडी वा इलॅस्टिक. पायजम्यासारखी चढविली की काम झाले. जुन्या पिढीतील स्त्रिया तिला हसतात, आणि त्यांचे हसणे अगदीच निराधार नाही; कारण शिवलेल्या नऊवारीत एकाच मापाचे अंग मावते. न शिवलेले लुगडे मात्र मुलीला होते, आईला होते, आजीलाही होते. शिवण आली आणि लुगड्याचे वारसा म्हणून चालणे थांबले. तथापि दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जिला नेसविणारे घरात कोणी उरले नाही, जी दूर गावी एकटी राहते, तिला या शिवणीमुळेच नऊवारी अंगावर घेता आली. जपानातही किमोनोच्या बाबतीत हाच पेच पडला. रोजच्या वापरातून किमोनो गेला, आयांना तो नेसविता येईनासा झाला. तेव्हा तेथे किमोनो नेसण्याची विद्या शिकविणारे वर्ग निघाले आणि आजही ते चालतात. मराठी मुलुखात असे वर्ग निघण्यास अडचण ती काय? ज्या आजीला पाच मिनिटांत चापूनचोपून लुगडे नेसता येते, तिच्याहून उत्तम शिक्षिका मिळावयाची नाही, आणि ती पुष्कळदा त्याच घरात, शेजारच्याच खोलीत बसलेली असते.

जुना वेष आणि नवे जीवन यांचा मेळ कसा घालावा, याचा एक राजेशाही नमुना इंदूरनेच जगाला दाखविला आहे. महाराज दुसरे यशवंतराव होळकर हे आपल्या काळातील अत्यंत आधुनिक अभिरुचीचे संस्थानिक होते. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून त्यांनी १९३० नंतरच्या वर्षांत माणिकबाग राजवाडा नव्या धर्तीवर सजवून घेतला. त्यातील खुर्च्या, दिवे, गालिचे यांची वाखाणणी आजही युरोपातील जाणकार करतात. बर्नार बूते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने महाराजांची दोन चित्रे काढली. १९२९ च्या चित्रात ते पाश्चात्य पद्धतीच्या काळ्या सायंवेषात उभे आहेत. पुढे चार-पाच वर्षांनी काढलेल्या दुसऱ्या चित्रात मराठा दरबारी वेषात, डोक्यावर होळकरांची लाल पगडी, गळ्यात इंदूरचे विख्यात हिरे, अशा रूपात ते गादीवर बसलेले आहेत. दोन्ही चित्रांतील चेहरा एकच, आणि दोन्हींत तो सारखाच सहज आहे. पहिल्या चित्रात त्यांनी सोंग घेतले आहे असे वाटत नाही, आणि दुसऱ्यातही नाही. याचे कारण दोन्ही वेष त्यांना माहीत होते. न समजता अंगावर घेतलेले वस्त्र परदेशी असो वा पूर्वजांचे असो, ते सोंगच दिसते.

मात्र राजांना वेष निवडता येतो. सामान्य माणसाला तो कधी कधी सत्तेने नेमून दिला जातो. पोशाख ही किती गंभीर गोष्ट आहे, हे त्यावर आलेल्या बंदीवरून कळते. स्कॉटलंडातील डोंगराळ भागातील लोकांनी १७४५ साली बंड केले. ते मोडल्यावर इंग्रज सरकारने १७४६ मध्ये कायदा करून तेथील पुरुषांना त्यांचा पट्ट्यापट्ट्यांचा पारंपरिक वेष घालण्यास मनाई केली. ती मनाई १७८२ पर्यंत टिकली. पुढे १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा सर वॉल्टर स्कॉट यांच्या पुढाकाराने तोच वेष राजाच्याही अंगावर चढला! ज्याबद्दल शिक्षा होत होती, तेच राष्ट्राचे भूषण झाले. आणि प्रत्येक घराण्याचा अमुकच नमुना, हा जो नियम आज पुरातन म्हणून सांगितला जातो, तो बव्हंशी त्याच एकोणिसाव्या शतकात ठरला.

स्कॉटलंडातील या कायद्याच्या बरोबर दहा वर्षे आधी, १७३६ साली, गोव्यात धर्मसमीक्षण संस्थेने एक फर्मान काढले. नवख्रिस्ती पुरुषांनी पुडवे, म्हणजे धोतर, नेसू नये आणि स्त्रियांनी चोळी घालू नये, असे त्यात बजावले होते. धर्म बदलला तर वस्त्रही बदललेच पाहिजे, असा त्या आज्ञेचा रोख. अ. का. प्रियोळकरांच्या ग्रंथामुळे हा काळा अध्याय मराठी वाचकांना परिचित आहे. पण माणसांनी या आज्ञेवर जो तोडगा काढला, तोही लक्षात ठेवण्याजोगा आहे. गोव्यातील ख्रिस्ती स्त्रियांचा पान-बाजू हा वेष मांडोच्या नृत्यातून आजही दिसतो. तो ना पोर्तुगालचा, ना पूर्वीच्या गावाचा, तर दोहोंमधून वाट काढून सिद्ध झालेला. इकडे वसई, उत्तन, गोराई या किनाऱ्यावरील ख्रिस्ती घरांतून म्हाताऱ्या स्त्रियांनी आपले लाल लुगडे विसाव्या शतकातही सोडले नाही; त्यांच्या नाती ते आता लग्नात आणि सणावारी हौसेने नेसतात. देवळात जावयाचे की चर्चमध्ये, हा प्रश्न वेगळा. लुगड्याचा काष्टा दोन्हीकडे तितकाच घट्ट बसतो.

गोव्यातच कुणबी स्त्रियांची तांबड्या-पांढऱ्या चौकडीची आखूड साडी नामशेष होण्याच्या बेतात होती. कोलवाळचे वेषरचनाकार वेंडेल रॉड्रिग्स यांनी २०१० च्या सुमारास ती विणवून घेण्याचा ध्यास घेतला, गोव्याच्या पोशाखाचा इतिहास ग्रंथरूपाने मांडला आणि आपल्या राहत्या वाड्याचे संग्रहालय करण्याचे काम हाती घेतले. २०२० साली त्यांचे निधन झाले. त्यांची दृष्टी अशी, की ही साडी काचेच्या कपाटात ठेवून भागणार नाही. ती पुन्हा मागावर चढली पाहिजे आणि शहरातील तरुणीलाही ती नेसावीशी वाटली पाहिजे. म्हणून त्यांनी तिची लांबी वाढविली, रंगांत थोडी मोकळीक घेतली. हे बदल कोणाला रुचतील, कोणाला रुचणार नाहीत. पण मागावर सूत चढले, ही गोष्ट खरी.

मागावर सूत चढणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी मल्हारगंजकराला गोव्यापर्यंत जाण्याचे कारण नाही. इंदूरपासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर नर्मदाकाठी महेश्वर आहे. १७६७ पासून १७९५ पर्यंत, अठ्ठावीस वर्षे, अहिल्याबाई होळकरांनी तेथून राज्यकारभार पाहिला. त्यांनी ठिकठिकाणचे विणकर महेश्वरात आणून वसविले आणि दरबाराकडून पाहुण्यांना व आप्तेष्टांना द्यावयाची वस्त्रे तेथे विणवून घेतली, अशी परंपरा सांगितली जाते. महेश्वरी लुगड्याचे अंग साधे किंवा बारीक चौकडीचे. सारी शोभा काठात आणि पदरात. काठ असा विणलेला, की लुगडे दोन्ही बाजूंनी नेसता यावे. पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत आणि मध्ये दोन पांढरे. काठांवरील नक्षीची नावे ऐकली तरी गाव डोळ्यांपुढे उभे राहते: वीट, चटई, चमेलीचे फूल, हिरा आणि नर्मदेची लाट. किल्ल्याच्या भिंतीवर, घाटाच्या पायरीवर जे कोरलेले दिसले, ते विणकराने सुतात उतरविले. चंद्रकळा, चंद्रतारा, बेली, परबी ही लुगड्यांची जुनी नावे. त्यांतील चंद्रकळा तर संक्रांतीला मराठी घरात आजही निघते.

पण ही कला अखंड नांदली असे मात्र नाही. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि महेश्वरचा आश्रयदाता दूर गेला. दुसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत इंदुरात कापडाची गिरणी निघाली. पुढे गिरण्यांची रांगच उभी राहिली. स्वस्त गिरणीच्या कापडापुढे हातमाग टिकणे कठीण झाले. स्वातंत्र्यानंतर संस्थान गेले, दरबारचे गिऱ्हाईकही गेले. विणकरांची मुले दुसऱ्या कामांकडे वळू लागली. अशा वेळी १९७८-७९ च्या सुमारास रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी महेश्वरात ‘रेवा’ ही संस्था स्थापन केली. रेवा हे नर्मदेचेच नाव. स्त्रियांना मागावर बसविणे, सूत आणि रंग पुरविणे, तयार वस्त्राला शहरात गिऱ्हाईक मिळवून देणे, असे त्या कामाचे स्वरूप होते. थंडावलेले माग पुन्हा खडखडू लागले, आणि त्या संस्थेच्या बाहेरही कितीतरी विणकरांना त्या नावाचा आधार मिळाला.

आता येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. आज मिळणारी महेश्वरी साडी अहिल्याबाईंच्या काळातीलच आहे काय? तशी ती नाही. पूर्वीच्या नऊ वारांऐवजी ती साडेपाच वारांची झाली आहे. पूर्वी जेथे तलम सूत असे, तेथे आता बहुधा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. वनस्पतींच्या रंगांची जागा पुष्कळ ठिकाणी कारखान्यातील रंगांनी घेतली आहे. जमिनीत खड्डा करून बसविलेल्या मागाऐवजी चौकटीचा माग आला आहे. मग तिला जुनी का म्हणावयाचे? तिच्या काठावरची लाट अजून हाताने चालणाऱ्या मागावर उमटते, आणि ती उमटविणाऱ्याला कोणता धागा केव्हा उचलावा हे कोणाकडून तरी शिकावे लागले आहे, म्हणून. वस्त्राचे जुनेपण त्याच्या मोजमापात नसून या शिकण्यात आहे. याउलट, यंत्रमागावर विणलेल्या कृत्रिम धाग्याच्या कापडावर हुबेहूब तीच लाट छापता येते. ते दिसायला जुने असेल, पण त्याच्या मागे कोणी काही शिकलेले नसते. अशी नक्कल जितकी स्वस्त विकली जाते, तितका खऱ्या विणकराचा हात आखडतो. जुनेपणाची हौसच जुन्या कलेला अशी मारक ठरू शकते.

काळाचा आणखी एक फेरा येथे सांगितला पाहिजे. ज्या गिरण्यांनी हातमागाला मागे सारले, त्या इंदूरच्या गिरण्या स्वतः विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडल्या. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात थांबली, आणि तिच्या कामगारांना आपल्या थकलेल्या २२४ कोटी रुपयांसाठी २०२३ च्या डिसेंबरापर्यंत वाट पाहावी लागली. बत्तीस वर्षांत त्यांतील कित्येकांचे आयुष्यही सरले. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या नावाने झाँकी निघतात, दिवे लखलखतात. पण त्या नावांमागे आता कापड नाही. तेव्हा गिरणी वाईट आणि माग चांगला, असा सोपा निवाडा करून चालणार नाही. दोन्हीकडे हात माणसांचेच होते, आणि दोन्हीकडे प्रश्न एकच होता: विणणाऱ्याच्या चुलीवर काय शिजते?

सोलापूरही असेच गिरण्यांचे गाव. तेथे मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. उंच नंदीध्वज खांद्यावर तोलून चालणारे भक्त पांढरी बाराबंदी घालतात. बारा बंदांनी बांधावयाची ही जुनी बंडी एरवी वापरातून गेलेली आहे. पण सोलापुरात ती दर वर्षी शिवली जाते, धुतली जाते, नीट घडी करून ठेवली जाते आणि मुलगा मोठा झाला की त्याच्या मापाने नवी शिवली जाते. तेथील शिंप्याला बाराबंदीचा कट पुस्तकातून शोधावा लागत नाही. तिला वर्षातून एकदा का होईना, ठरलेले काम आहे. नंदीध्वज पेलावयाचा आहे, म्हणून बाराबंदी घालावयाची आहे. ज्या वस्त्राला काम आहे, ते टिकते. ज्याला केवळ दिसावयाचे आहे, ते पुढच्या वर्षीच्या लाटेबरोबर जाते.

या कसोटीवर मल्हारगंजातील पाडव्याचा थाट लावून पाहिला, तर त्याला नावे ठेवण्याचे कारण उरत नाही. मात्र त्याने पुढे कोठे जावे हे उमगते. भाड्याने आणलेला पोशाख एका दिवसात परत जातो. त्याऐवजी घरात एकच नऊवारी असावी, पण ती हातमागाची असावी आणि ती नेसता यावी. घरातल्या जुन्या पेटीत आजोबांचा अंगरखा असेल, तर तो चढवून फाडण्यापेक्षा शिंप्यापुढे पसरावा. बंद कोठे आहेत, बगलेखाली कापडाचा तुकडा कसा जोडला आहे, शिवण आतून कशी दुमडली आहे, हे त्याला दाखवावे आणि त्या बेताने नवा शिवून घ्यावा. जुने वस्त्र हे शिंप्याचे उत्तम पुस्तक आहे, आणि ते पुस्तक कसरीने खाण्यापूर्वी वाचले गेले पाहिजे. शीतलामाता बाजारात साडी घेताना तिचे दोन्ही काठ उलटसुलट करून पाहावे, हातमागाची खूण आहे काय ते विचारावे. इतिहासाचे प्रेम एवढ्या चौकशीपासूनही सुरू होऊ शकते.

३१ मे २०२५ रोजी अहिल्याबाईंच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्याआधी २० मे रोजी मध्य प्रदेशाच्या मंत्रिमंडळाची बैठक इंदूरच्या राजवाड्यात भरली. अहिल्याबाईंच्या उत्सवात लहान मुली त्यांच्या वेषात येतात: पांढरी साडी, कपाळी आडवे गंध, हातात शिवलिंग. हा वेष मात्र कोणाला चुकत नाही. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव पडले, आणि ऐन तिशीच्या आत आलेल्या वैधव्यानंतर अहिल्याबाईंच्या अंगावर पांढऱ्याखेरीज रंग चढला नाही. पुढची चाळीस वर्षे त्या पांढऱ्या वस्त्रात होत्या.

आणि परंपरेप्रमाणे त्याच बाईंनी महेश्वरात माग बसविले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी लाल, हिरवी, जांभळी लुगडी त्यांनी स्वतः कधी नेसली नाहीत. ती इतरांनी नेसावीत आणि ती विणून कित्येक घरे चालावीत, एवढीच त्यांची इच्छा असावी. त्यांचा वेष घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीला हे सांगावयास हवे. मिरवणूक संपल्यावर तिने पांढरी साडी उतरवावी आणि घरी जाऊन आजीला पेटी उघडावयास सांगावी. कडुनिंबाच्या पानांत ठेवलेले एखादे महेश्वरी लुगडे त्यात निघेल. आजीने ते उलगडावे, निऱ्या कशा धरावयाच्या ते दाखवावे, काष्टा दोनदा सुटला तर तिसऱ्यांदा खोचून घ्यावा. आणि मग दोघींनी मिळून, एकीने एक टोक आणि दुसरीने दुसरे धरून, त्या नऊ वारांची पुन्हा नीट घडी घालावी.